‘ओल’ : चोवीस पानी चित्रकथेच्या प्रकल्प नोंदी

३ जून
काम ठरलं: २४ पानी मराठी चित्रकथा, स्थळ नाशिक. नायक एकटा, अंगात भलतीच शक्ती, शहरात उपरा. कामचलाऊ नाव ‘ओल’. पोशाख आणि खलनायक नंतर बघू. आधी एकच प्रश्न सोडवायचा: ज्यांनी त्याला कधी जवळ केलं नाही त्यांच्यासाठी हा माणूस जीव का धोक्यात घालतो? ‘स्वभावानेच भला आहे’ हे उत्तर कागदावर चालत नाही. भलेपणा चित्रात आणायचा तर त्याला काहीतरी निवडताना दाखवावं लागतं, आणि निवडायला दुसरी वाटही खरोखरीची लागते.

५ जून
गाजलेल्या नायकांना मदतीचं कारण कधी मिळालं, याच्या तारखा काढल्या. सुपरमॅनचा पहिला अंक जून १९३८ चा. त्यात पूर्वेतिहास एका पानात उरकलेला आहे: रस्त्याने जाणाऱ्या मोटारवाल्याला बाळ सापडतं आणि ते अनाथाश्रमात जातं. ‘ही ताकद लोकांच्या भल्यासाठी वापर’ असं सांगणारे पालक १९३९ मध्ये आले. बॅटमॅन मे १९३९ चा, आईवडिलांच्या खुनाचा प्रसंग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. म्हणजे आधी कारनामे, मग कारण. स्पायडरमॅनला मात्र ऑगस्ट १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत, अकरा पानांत, शक्ती, माज, चूक आणि पश्चात्ताप असं सगळं मिळालं. रचना म्हणून ही तिन्हींत सरस.

संस्कार, दुःख, अपराधभाव. तिन्ही कारणं दमदार आहेत, पण एकटेपणाची गरज एकालाही नाही. नायकाला चार जिवलग मित्र दिले तरी तिन्ही तशीच चालतात. आपल्याला असं कारण हवं आहे की एकटेपण काढून घेतलं तर तेही कोसळेल.

९ जून
शक्ती ठरली. नायकाला पाण्यातून ऐकू येतं. कान नाही, तळपाय. पाण्याला जे टेकलं, ते त्याला कळलं. मर्यादा आत्ताच लिहून ठेवायच्या, नाहीतर सोळाव्या पानावर शक्ती सोयीने वाढते:
सलग पाण्यातून २ किलोमीटर. भिजलेल्या जमिनीतून ५० मीटर. कोरडी माती, लाकूड, रबर यांतून काही नाही. आवाज कुठून आला ते कळतं, शब्द कळत नाहीत.

नायक येवला तालुक्यातला, पर्जन्यछायेतला. गावात विहिरी कोरड्या, टँकरवर भागणारं पाणी, त्यामुळे शक्ती आहे हे अठराव्या वर्षापर्यंत त्यालाच ठाऊक नाही. नाशिकला कामाला आला आणि नळ, गटारं, गोदावरी एकदम अंगावर आली. गावात तो चारचौघांसारखाच होता. त्याचं उपरेपण शहरातलं आहे आणि ते शक्तीतूनच आलेलं आहे. या एका बदलाने तीन पानांचं बालपण वाचलं. (सिंहस्थात हरवलेलं पोर ही सूचना आली होती. हिंदी सिनेमाने ती इतकी वापरली आहे की वाचक हसेल.)

१२ जून
लोक त्याला का टाळतात? नुसतं ‘वेगळा म्हणून’ भागणार नाही. नेमका प्रसंग लागतो. तो राहतो त्या चाळीत भिंतीतला पाइप फुटायच्या आदल्या रात्री तो सांगतो, ‘इथे फुटणार.’ फुटतो. दुसऱ्यांदा सांगतो, तेही खरं ठरतं. तिसऱ्यांदा लोक म्हणतात, हाच फोडतो. इथे आभार मानणारा एकही माणूस नको. दोन पानं, नऊ चौकटी, पुरे.

१९ जून
अपराधभावावर आधारलेला पहिला खर्डा रद्द. त्यात नायक एकदा पाण्यातली हाक ऐकून गप्प बसतो, माणूस बुडतो, पुढे जन्मभर फेड. वाचायला बरा वाटतो, पण हे हिशेबाचं काम झालं. कर्ज फिटलं की थांबायला हरकत नाही.

दुसरा खर्डा: आवाज सहन होत नाहीत म्हणून मदत करतो. बुडणाऱ्याची धडपड त्याच्या पायात कळ आणते, माणूस वाचला की कळ थांबते. पटतं, शक्तीशी जुळतं. पण हा दातदुखीवरचा इलाज झाला, मदत म्हणता येणार नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या, याची कसोटी मानसशास्त्रात तयार मिळते. कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनियल बॅटसन यांचा १९८१ चा प्रयोग. एका मुलीला विजेचे झटके बसताना पाहायचं (झटके खोटे, पाहणाऱ्यांना खरे वाटणारे). काहींना सांगितलं, पहिल्या दोनच फेऱ्या पाहायच्या आणि मोकळं व्हायचं. काहींना सांगितलं, दहाही फेऱ्या पाहाव्या लागतील. मग विचारलं, तिच्या जागी तुम्ही बसाल का? ज्यांना स्वतःची घालमेल तेवढी थांबवायची होती त्यांनी सुटका सोपी असेल तेव्हा बहुतेक करून सुटकाच घेतली. ज्यांना तिच्याविषयी आपलेपणा वाटला होता ते वाट मोकळी असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले.

म्हणून नियम: नायकाला सोपी, स्वस्त, बिनधोक सुटका द्यायची. ती त्याने घेतलीसुद्धा पाहिजे. मग पाहायचं, परततो का.

२१ जून
हीच कसोटी कर्णाला लावली. हातात शक्ती, जन्माने उपरा ठरवलेला, मराठी वाचकाला घरचा. वनपर्वात सूर्य स्वप्नात येऊन सांगतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडलं मागायला येणार आहे, देऊ नकोस. सुटका सोपी, आगाऊ कळवलेली. तरी कर्ण देतो. कसोटीला उतरला, पण कारण तो स्वतःच सांगतो: जीव गेला तरी चालेल, कीर्ती हवी. म्हणजे सुटकेची कसोटी आपल्याला पुरेशी नाही. कीर्तीची वाटही बंद करायला हवी. नायकाने केलेली मदत कोणालाच कळता कामा नये, जिला वाचवलं तिलासुद्धा.

२ जुलै
गंगेवर पाहणी (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, संवादांतही तेच ठेवायचं). चित्रांसाठी टिपलं:
नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा हे पुराचं माप. शहरात पूर क्युसेकमध्ये कोणी सांगत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पान ८, १५ आणि १८ वर मारुती एकाच कोनातून, एकाच मापाचा काढायचा आणि फक्त पाणी चढवायचं. वेगळा मजकूर लागणार नाही.
रामेश्वराचं, म्हणजे नारोशंकराचं मंदिर १७४७ चं. नदीकडच्या बाजूची मोठी घंटा पार्श्वभूमीला घेतली की जागा लगेच ओळखू येते.
पाणी सोडल्याची खबर आली की काठावरच्या टपऱ्या, पाट्या, हातगाड्या वर हलवायची धावपळ सुरू होते. कथेत जिला वाचवायचं ती म्हातारी इथेच अडकणार: वर आलेली, पण पत्र्याची पेटी खाली राहिली म्हणून पुन्हा उतरलेली.

गंगापूर धरणाचा विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढतो. कथेत ३,०००, मग ९,०००, मग २०,००० क्युसेक धरलाय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे शेवटच्या टप्प्याला सेकंदाला साडेपाच लाख लिटरच्या वर. कुठल्या आकड्याला पाणी कुठवर, हे मात्र कथेत बांधायचं नाही. नाशिकचा वाचक ते स्वतः तपासतो आणि चूक सापडली की बाकीचंही मानत नाही.

६ जुलै
सुटकेची जागा: पांडवलेणी. उंच, शांत, शहराच्या कडेला. दोन दिवस खूश होतो.

७ जुलै
पांडवलेणी बाद. लेण्यांत पाण्याची टाकी कोरलेली आहेत, आणि पुराच्या दिवसांत सगळा डोंगर निथळत असतो. आपल्याच नियमाने नायकाला तिथे टाक्यांतले थेंब ऐकू येणार. शांतता हवी तर कोरड्या मुलखात जायला हवं. म्हणजे गावी, येवल्याला, एसटीने. ८०–८५ किलोमीटर आणि एक तिकीट. सुटका अशीच हवी होती. उडी नको, दिव्य नको, कंडक्टरकडून घेतलेला कागदाचा तुकडा.

१५ जुलै
शक्ती चित्रात कशी दाखवायची याचा घोळ मिटला. डोक्याभोवती वलयं काढून पाहिली, जादूगार वाटतो. आता प्रत्येक चौकटीच्या तळाला ८ मिलिमीटरची पट्टी. पट्टीत त्याच्या पायांना जे कळतं ते रेषांत: नळाचं टपटप म्हणजे बारीक ठिपके, बादली म्हणजे गोल, पावलं म्हणजे उभे फटकारे. चौकटीत एक चाललेलं असतं, पट्टीत दुसरंच.

या पट्टीमुळेच कारण सापडलं. काठावर नारळ, वाती विकणारी म्हातारी रोज पहाटे पायऱ्या उतरते. एक पाय अधू. तिचे फटकारे असे पडतात: दोन जवळजवळ, मग अंतर. दोन, अंतर. ती पान ३ पासून दर पानाच्या पट्टीत कुठे ना कुठे आहे, चौकटीत मात्र पान ७ पर्यंत दिसत नाही. नायकाने तिला पाहायच्या आधी दोन वर्षं ओळखलेलं आहे. तिला हा कोण ते माहीत नाही.

एकटेपण इथे कामाला येतं. चारचौघांत रमलेल्या माणसाला ती लय ऐकायला सवड नसती. ‘लोकांना वाचवायचं’ असं या पोराच्या डोक्यात काही नाही. त्याच्याकडे ओळखीची म्हणावीत अशी पाचसहा पावलं आहेत, बस. त्याची सगळी सोयरीक तेवढीच.

२२ जुलै
पान ११ ते १४ चे खर्डे. टाचण बांधणीच्या २४ पानी पुस्तकात १२–१३ ही मधली जोडपानं, एकाच कागदावर सलग येतात. एसटीचा प्रवास तिथे.
पान ११: तिकीट, खिडकी, पट्टी गच्च भरलेली.
पान १२: निफाड मागे पडतं, पट्टी विरळ होत जाते. शेवटच्या दोन चौकटींत कोरी. नायक झोपी जातो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.
पान १३: चार चौकटी, पहिल्या तिन्ही पट्ट्या कोऱ्या. शब्द नाहीत. चौथ्या चौकटीत त्याचा पाय, चप्पल काढलेला, बसच्या पत्र्यावर अंगठा आपटतो आहे. पट्टीत: दोन फटकारे, अंतर.
पान उलटून १४: रस्त्याकडेला उभा नायक, बस पुढे गेलेली.

पान १३ वर कळ नाही, हाक नाही, पाहणारं कोणी नाही. कसोटीची दोन्ही टोकं बंद. इथे मनातला एक शब्दही लिहायचा नाही, असं ठरलं. (पहिल्या खर्ड्यात ‘आजी कुठे असेल?’ असा विचारफुगा होता. खोडला.)

बसचा पत्रा कोरडा असल्याने त्याला अंगठ्याचा आवाज शक्तीने ऐकू येत नाही, मग पट्टीत फटकारे का, असा रास्त आक्षेप आला. उत्तर: या एका चौकटीत फटकारे काळ्याऐवजी करड्या शाईत. ऐकलेले नाहीत, आठवलेले आहेत.

२८ जुलै
वाचून घेतल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच: एवढ्या लांबून वेळेत कसा पोचतो? पान ९ वर बस सकाळची केली, विसर्गाचा पहिला टप्पाही सकाळचाच. तो निफाडच्या थोडं पुढे उतरतो, ट्रकने परततो, पाणी दुपारी चढतं.

५ ऑगस्ट
पान १५–१६, होळकर पुलावरची गर्दी. सगळ्यांचे मोबाइल वर, म्हातारी खाली पायरीवर. कोणीच हलत नाही. यांना दुष्ट काढायचं नाही. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं ते असं: फिट आल्याचा आवाज ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. त्या प्रयोगात कोणी कोणाला दिसत नव्हतं, जबाबदारी तेवढी वाटली गेली. समोरासमोरच्या गर्दीत आणखी भर पडते: माणूस आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. शेजारी शांत, म्हणजे काही झालेलं नसावं.

चित्रात याचा उपयोग असा: पान १५ वरच्या गर्दीतली प्रत्येक नजर दुसऱ्या माणसाकडे वळवली, पाण्याकडे एकही नाही. नायकाचे डोळे खाली, पायांकडे. चाळीने त्याला बघणं सोडलं तेव्हापासून त्यानेही लोकांची तोंडं वाचणं सोडलं आहे. मात्र हे त्याच्या मोठेपणाचं लक्षण म्हणून रंगवायचं नाही. जुनं एकटेपण माणसाला संशयी करतं, समोरच्यात आधी धोका दाखवतं. ते पान १७ ला लागेल.

९ ऑगस्ट
मोठा बदल. नायकाला पोहता येत नाही. कोरड्या गावचं पोर, येणार कुठून! आत्तापर्यंतच्या खर्ड्यात तो उडी मारत होता, कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याने गोष्ट सुधारली. म्हातारी नेमकी कुठे, कुठल्या खांबाला धरून, पाय कुठे अडकलाय हे त्याला कळतं, पण काढता येत नाही. काढायचं तर घाटावरच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना सांगावं लागणार. ज्याने सांगितलं म्हणून चाळीने त्याला चोर ठरवलं, त्याने पुन्हा सांगायचं. पान १७ चं खरं साहस हे आहे. पाच चौकटी तो नुसता तोंड उघडतो आणि मिटतो.

१३ ऑगस्ट
पान १८–२०, सुटकेच्या तांत्रिक चुका काढल्या:
दोर पोहणाऱ्याच्या कमरेला गाठ मारून बांधलेला होता. वाहत्या पाण्यात दोर ताणला की माणूस खाली ओढला जातो आणि गाठ सुटत नाही. आता दोराच्या टोकाला ट्रकची ट्यूब, आणि ती प्रवाहाच्या वरच्या अंगाने सोडलेली.
दोर नदीला काटकोनात आडवा ताणला होता. त्यावर अडकलेला माणूस मधेच लटकतो. तिरका हवा, खालचं टोक काठाकडे, म्हणजे प्रवाहच माणसाला काठाला लावतो.
गुडघाभर पाण्यात एक जण सहज उभा दाखवला होता. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. जोराच्या प्रवाहात गुडघाभर पाणीही माणूस पाडतं. त्याला पायरीवर बसवला, मागून दुसऱ्याने धरलेला.

नायक या तीन पानांत फक्त बोट दाखवतो. ‘डावीकडं. अजून. तिथं.’ एवढेच त्याचे संवाद. म्हातारीला ट्यूब दिसते, पोहणारा दिसतो, हा दिसत नाही.

३० ऑगस्ट
मूळ चित्रं ए-थ्री कागदावर, छापील मापाच्या दीडपट. छापील पान १७० × २४० मिलिमीटर, म्हणजे चित्र २५५ × ३६०, कडेला कापणीसाठी साडेचार मिलिमीटर जादा (छापील मापात तीन). शाईवर पाण्याचे हात द्यायचे असल्याने शाई जलरोधकच. पहिलं पान साध्या शाईने केलं, रेघा पसरल्या. कागद ३०० जीएसएम. पातळ कागदाला पोचे येतात आणि स्कॅनमध्ये त्यांच्या सावल्या उमटतात.

१४ सप्टेंबर
अक्षरजुळणी. कथेत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘पायऱ्या’, आणि नेमका तोच फुटला. साधा र, पायमोडका, य असं टंकलं की ‘पायर्या’ होतं. नुक्ता असलेला ऱ घेऊन पुढे हलन्त आणि य दिला की मराठीचा चंद्रकोरी र मिळतो. सगळ्या फायलीत शोधून बदलले, ‘टपऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’सकट.
ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत होती, जोडाक्षरं सुटत होती. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर निवडलेला नव्हता. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ केल्यावर, फॉन्टमध्ये सोय होती तिथे, ल आणि श मराठी वळणाचे आले.
फॉन्ट ‘बालू’, साडेनऊ पॉइंट, ओळींतलं अंतर १३५ टक्के. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत.

२ ऑक्टोबर
पहिली छापील प्रत. तळाची पट्टी सात पानांवर कापली गेली. कापणी दोनेक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, पट्टी कडेला टेकवून ठेवणं ही आपली चूक. सर्व पानांवर पट्टी कडेपासून १० मिलिमीटर आत घेतली. पान १२–१३ वरची टाचण झोपलेल्या नायकाच्या गालातून जात होती. चौकट डावीकडे सरकवली.
पान १३ वरचा करडा ४० टक्के होता, काळाच वाटतो. २५ टक्के केला.

९ ऑक्टोबर
शेवट. पान २३–२४ चे तीन खर्डे झाले. पहिल्यात चाळ माफी मागते: बाद. दुसऱ्यात म्हातारी त्याला पायांवरून ओळखते: सुंदर, पण मग ती पोचपावती झाली आणि २१ जूनचा नियम मोडला.
तिसरा ठेवला. गंगेवरचा बुधवारचा बाजार, चिखल अजून ओला. पट्टीत शेकडो पावलं, त्यांत दोन फटकारे, अंतर. तो तिच्या पाटीसमोर उभा राहतो. एवढ्या जवळ पहिल्यांदाच.

१० ऑक्टोबर
पान २४ च्या शेवटच्या चौकटीतला संवाद ठरला. म्हातारी मान वर न करता:
‘काय रे पोरा, नारळ का वाती?’
‘नारळ, आज्जी.’
‘सुट्टे दे.’
पट्टीत तिच्या फटकाऱ्यांशेजारी त्याची दोन पावलं, काळ्या शाईत. पट्टीत तो स्वतः येतो ती ही एकच चौकट. फाइल छपाईला दिली, ३०० प्रती.